सहावं नाव

२४ मार्च, सोमवार

बास्केटबॉलचा हंगाम संपला. आठ संघांत आम्ही सातवे. शेवटच्या सामन्यानंतर जयप्रकाश सर मुलींना एवढंच म्हणाले की बस सहाला निघेल. मुख्य प्रशिक्षकाने आणखी काही बोलायला हवं होतं, पण कोणी ऐकलं नसतं.

आज पावण्याला हॉलवर गेले. आमचं कोर्ट म्हणजे संघमालक धर्मराज शेठचं जुनं गोदाम. लाकडी फरशी चांगली आहे, पत्रा तापतो. शेजारच्या कारखान्याचा वास आज कमी होता.

सर म्हणाले, "सहायक प्रशिक्षक तू आहेस, कोणाला ठेवायचं तो अहवाल तू लिही. मी सही करतो."

"वाचणार नाही?"

"वाचला तर मला मतं सुचतील."

नियम असा आहे: बारापैकी सहा खेळाडू राखता येतात. जिला राखलं ती दोन हंगाम बांधली जाते. बाकीच्या सुटतात. सगळ्या संघांच्या सुटलेल्या मुली आणि नव्या मुली यांची एक यादी होते आणि संघ पाळीपाळीने त्यातून निवडतात. शेवटून पहिला आलेला संघ आधी. म्हणजे पहिली पाळी चेन्नईची, दुसरी आमची. सहा नावं १८ एप्रिलपर्यंत द्यायची.

पाच नावं मला आजच लिहिता येतील. सहाव्या जागेसाठी दोघी आहेत. राजलक्ष्मी, आमची कप्तान, चौतीस वर्षांची, बास्केटखाली खेळणारी एकमेव उंच मुलगी. आणि जागृती, वीस वर्षांची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी, वेगवान, अजून कच्ची, शेठच्याच गावातली.

थकवा आहे. हंगामाचा म्हणावा तर हंगामात होता त्याहून जास्त आहे.

२७ मार्च, गुरुवार

शेठच्या ऑफिसात, कोपरखैरण्याला. शेठ बिल्डर. संघाला आईचं नाव दिलंय, शेवंता स्टार्स. पहिल्या वर्षी दुसऱ्या संघांच्या मुली हसायच्या. आता हसायला त्यांना आमचे गुण पुरतात.

"मना एक सांग बाय," शेठ म्हणाले, "उंच पोर कदी घेनार?"

मी सांगितलं की आपण उंचीवर हरलो नाही. चेंडू हातातून गेले म्हणून हरलो. चेंडू पुढे नेणारी मुलगी हवी.

"उंच पोरीच्या हातातला चेंडू कोन काढंल?"

"तिच्या हातापर्यंत पोचला तर पाहिजे ना, शेठ."

ते हसले. मग विचारलं, "राजलक्ष्मीचं काय?"

अजून बघतेय, म्हणाले.

"काय बघतंस? ती माजी थोरली हाय."

हे त्यांचं नेहमीचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, प्रियाचं लग्न झालं. हळदीला सगळा संघ होता. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. प्रियाला मोठी बहीण नाही, म्हणून शेठनी राजलक्ष्मीला करवली केलं. तिनं हळद लावली, मग सगळ्या बायकांबरोबर नाचली, सगळ्यांच्या वर डोकं. शेठच्या बायकोने तिची ओटी भरली. तेव्हापासून ती थोरली.

अशा गोष्टी अहवालात बसत नाहीत. मी बसवणारही नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

सामन्यांची चित्रफीत बघायला हॉलवर गेले. घरी हरेश झोपलेला, रात्रपाळी करून आलेला. तुर्भ्याच्या कारखान्यात पाळ्या बदलल्यापासून आमची नवराबायकोची भेट जिन्यात होते.

हॉलवर राजलक्ष्मी एकटी बास्केट मारत होती. पाडव्यालाही. पूर्वी ती नेरूळला राहायची, नवरा प्रीतम आणि मुलीबरोबर. गेल्या वर्षी संघाच्या घणसोलीच्या फ्लॅटवर राहायला आली. एकही सराव चुकवलेला नाही. रविवारीही येते. असा खेळाडू मी दुसरा पाहिला नाही. आमच्यासारख्यांना या हॉलबाहेर फारसं काही नसतं.

चित्रफितीत मी तिलाच बघत होते. ती स्वतः गुण कमी मिळवते. पण ती जिथे उभी राहते तिथून दुसऱ्या मुलीला वाट मिळते. ती बाकावर बसली की आमच्या गार्ड भिंतीला धडकल्यासारख्या थांबतात. हे आकड्यांत दिसत नाही.

ती शेजारी येऊन बसली. "ताई, जिला सोडतात तिला पहिल्यांदा कोण घेऊ शकतं?"

"चेन्नई. मग आपण."

"आणि सोडलेलीला आपण परत घेऊ शकतो?"

"घेऊ शकतो. पण तू कशाला हा विचार करतेस?"

तिनं खांदे उडवले. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं खेळून तिला अजून आपल्या जागेची खात्री नाही.

२ एप्रिल, बुधवार

राजलक्ष्मीच्या गुडघ्याची तपासणी. डॉक्टर म्हणाले, खेळू शकेल, पण रोज नाही. दोन हंगाम म्हणजे जास्तच.

रिक्षात ती म्हणाली, "ताई, गुडघ्याबद्दल सगळं लिहा. काही लपवू नका."

"सगळं कशाला लिहायचं?"

"खरं लिहा. मला राग येणार नाही. जागृती चांगली आहे. तिला ठेवा."

स्वतःची जागा स्वतःच्या तोंडाने दुसरीला देणारी खेळाडू. कोपरखैरण्याच्या नाक्यावर उतरले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, अजून काही बोलायचं असल्यासारखी. मागे टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

५ एप्रिल, शनिवार

हरेशला आज सुट्टी. भाकरी, बोंबील. जेवताना मी राजलक्ष्मीचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. म्हणाला, "तिला काय पायजे?"

"म्हणजे काय? हे सगळं तिच्यासाठीच चाललंय."

"नाय, म्हणजे तिनं काय सांगितलं?"

"ती सांगणाऱ्यातली नाही."

मग तो त्याच्या दिवसपाळीच्या अर्जाबद्दल बोलत होता. मी भांडी घेऊन उठले. डोक्यात अहवालाचं पहिलं वाक्य फिरत होतं.

७ एप्रिल, सोमवार

अहवाल झाला. गुडघ्याचं खरं लिहिलं, वयाचं लिहिलं, आणि मग लिहिलं की तरीही सहावं नाव राजलक्ष्मीचं. बास्केटखाली ती आहे तोवर आम्हाला उंच मुलगी शोधायची गरज नाही. दुसऱ्या पाळीत चांगली गार्ड घ्यावी. राजलक्ष्मीला सोडलं तर सगळा संघ नव्याने बांधावा लागेल. जागृती एक हंगाम दुसरीकडे खेळून शिकेल.

हे मी मायेपोटी लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून पाहिलं. एकही ओळ खेळाच्या बाहेरची नाही.

सरांनी सही केली. शेवटचं पान मात्र वाचलं. म्हणाले, "राजलक्ष्मीशी बोललीस?"

"रोजच बोलते."

"बरं."

शेठनी तीन पानं मोबाइलवर वाचली आणि फोन केला. "ए बाय, तू तर माज्या मनातला लिवलंस. जागृतीचा काका येऊन बसला होता हिथं. गावची पोर, गावची पोर. मी बोललो, थोरलीला बाहेर काढून गावची पोर ठेवायची म्हंजे मी तोंड कुठं दाखवू?"

कित्येक दिवसांनी झोप लागली.

१२ एप्रिल, शनिवार

कोपरखैरणे गावाची जत्रा. गावदेवीपुढे शेठच्या घराण्याचा नारळ असतो. दरवर्षी नारळ फोडण्याआधी ते घरातल्या सगळ्यांची नावं देवीपुढे घेतात. मोठ्याने, एकेक. या वर्षी घरच्यांनंतर संघाची सहा नावं घेतली.

मला वाटलं होतं, ही नुसती हौस आहे. शेजारी उभा असलेला त्यांचा पुतण्या दिपेश म्हणाला, "आता शेठ फिरनार नाय. देवीपुढं घेतलेला नाव काढीत नाय आमच्याकडं."

"यादी तर अजून सहा दिवसांनी द्यायची आहे."

"तुमची यादी तुमच्यापाशी."

पहिलं नाव राजलक्ष्मीचं. ती आली नव्हती. अंग दुखतंय, असा निरोप होता. जागृती आली होती, आईबरोबर, गर्दीत मागे. सहावं नाव संपलं तेव्हा तिनं हात जोडले आणि पाळण्यांकडे गेली. मी तिकडे बघितलं नाही.

शेठनी प्रसाद दिला. "थोरलीला दे. सांग, पयला नाव तिचा घेतला."

१४ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी घणसोलीला गेले प्रसाद घेऊन. दार दुसऱ्या मुलीने उघडलं. राजलक्ष्मी आत मोबाइल टेबलाला टेकवून बसली होती. पडद्यावर तिची मुलगी सातचा पाढा म्हणत होती.

"ताई, बसा. हिचा पाढा होऊ दे."

मुलगी सात सक्के बेचाळीसवर अडखळली. राजलक्ष्मीने ओठ हलवले, आवाज केला नाही. मुलीने ते वाचलं आणि पुढे गेली. पाढा संपल्यावर तमिळमध्ये काहीतरी विचारलं. एकच शब्द मला कळला, मॅच.

"काय म्हणाली?"

"मॅच संपल्या ना, मग कधी येणार, म्हणते."

"कुठे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "चेन्नईला, ताई. प्रीतमची बदली झाली ना. गेल्या जूनमध्ये."

मी प्रसादाची पुडी तिच्या हातात दिली.

"देवीपुढे माझं नाव घेतलं का?" तिनं विचारलं.

"घेतलं. पहिलं."

तिनं पुडी डोळ्यांना लावली, उघडली, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली.

"मी म्हटलं होतं, गुडघ्याचं लिहा."

"लिहिलं. तरी तूच लागतेस."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर म्हटलं."

"तू मला सांगायचंस ना, राजी."

"सांगितलं होतं. जूनमध्ये. हॉलच्या दारात. तुम्ही म्हणालात, बरं झालं, आता फ्लॅटवरून पावणे जवळ पडेल."

मला आठवत नाही. पण वाक्य माझं आहे. मी असंच बोलते.

शेठना का नाही सांगितलं, असं विचारलं. ती म्हणाली, "त्यांनी माझ्या हाताने पोरीला हळद लावून घेतली. त्यांच्यासमोर उभं राहून कसं म्हणू, मला सोडा? तुमच्या कागदावरून सुटले असते तर कोणाला लागलं नसतं."

चेन्नईला खेळायचं तर तिला फक्त या यादीतूनच जाता येतं. आणि खेळणं सोडायचं नाहीये. दोन वर्षं उरली आहेत, ती घरी राहून खेळायची आहेत. एवढंच. इतकं साधं.

येताना चालत आले. हरेश कामावर गेला होता. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं.

१५ एप्रिल, मंगळवार

शेठना सांगितलं. ते खुर्चीतून उठले, नव्या इमारतीच्या प्रतिकृतीजवळ गेले, एक छोटं झाड सरळ केलं.

"मी देवीपुढं नाव घेतलाय."

"हो, शेठ."

"पयला."

"हो."

"मंग तू मना आदी का नाय सांगितलंस?"

"मला माहीत नव्हतं."

"तुना म्हाईत नव्हता? रोजची तू तिच्यासंगं." ते वळले. रागावलेले नव्हते, खरंच विचारत होते.

"नाय," ते शेवटी म्हणाले. "नाव काय दगड हाय काय, हिथून उचलला तिथं ठेवला? नाय काढनार मी." मग दिपेशला हाक मारून सिमेंटचं विचारू लागले. मी निघाले.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "सही मी केली आहे. म्हणजे चूक दोघांची. पण लिहिलंयस चांगलं."

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी शेठ स्वतः हॉलवर आले. बूट काढून कोर्टवर उभे राहिले, मोज्यांत. असे ते कधी येत नाहीत.

"प्रिया जत्रेला आली होती. काल परत सासरी गेली, उरणला. गाडीत बसताना बोलते, बाबा, तोंड पाडू नका." ते बास्केटकडे बघत बोलत होते. "तिला चार दिस माहेरी आनायची तर मी तिच्या सासऱ्याला तीनदा फोन करतंय. लेक माजी, आन फोन करतंय मी. ही तर पोर टाकून राहते. आन मी बोलतंय, माजी थोरली."



"देवीपुढं प्रियाचाही नाव घेतंय दरवर्षी. ती काय माज्या घरात हाय? काढ राजलक्ष्मीचा नाव. देवीला मी सांगीन." दारापर्यंत जाऊन थांबले. "पन चेन्नईवाले घेतील ना तिला?"

"ते माझ्या हातात नाही, शेठ. कोणीही घेऊ शकतं. लुधियानासुद्धा."

"मंग फोन कर त्यांना."

"नियमात बसत नाही."

"तुजे नियम," ते म्हणाले आणि बूट शोधायला लागले.

राजलक्ष्मीला सांगितलं तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले. लुधियानाचंही सांगितलं. म्हणाली, माहीत आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

यादी पाठवली. सहावं नाव जागृती. दुपारी तिचा फोन आला, नुसती हसत होती.

अहवाल पुन्हा लिहिला. आता उंच मुलगी हवी. निवडीच्या यादीत कामाच्या दोनच: छत्तीसगडची गीतांजली, एकोणीस वर्षांची, सहा फूट दोन इंच, आणि राजलक्ष्मी. शेठ पहिल्या दिवसापासून उंची मागत होते, ते आता बरोबर ठरले.

चेन्नईला फोन करण्याचा विचार दिवसभर येत राहिला. केला नाही. बरोबर वागले का, माहीत नाही. दमले होते, हेही कारण असेल.

२७ एप्रिल, रविवार

निवड वाशीच्या एका हॉटेलात झाली. प्रत्येक संघाला एक टेबल, टेबलावर माइक, पाण्याच्या बाटल्या. शेठ पांढऱ्या शर्टात, कपाळाला टिळा लावून. राजलक्ष्मी आली नव्हती.

पहिली पाळी चेन्नईची. त्यांनी गीतांजलीचं नाव घेतलं.

दुसरी आमची. शेठ माझ्याकडे झुकले. "आयला. देवीनंच परत पाठवली बग. घे. आपली आपल्याकडं."

समोर माझाच अहवाल होता. त्यात लिहिलं होतं, गीतांजली नसेल तर राजलक्ष्मी. खेळाच्या बाजूने त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. नाही घेतली तर बास्केटखाली उभी राहायला आमच्याकडे कोणी नाही. सर पेनचं टोपण लावत-काढत होते. "अहवाल तुझा आहे," म्हणाले.

मी केरळच्या एका गार्डचं नाव वाचलं.

शेठ खुर्चीत मागे टेकले.

दुसऱ्या फेरीत पाळ्या उलट्या फिरतात. पहिल्या फेरीत शेवटी निवडणारा संघ आधी, आम्ही पंधरावे, चेन्नई सोळावी. मध्ये सहा संघ, प्रत्येकाला दोनदा संधी. एकेक नाव वाचलं जात होतं, आणि प्रत्येक नावानंतर शेठ टेबलाखाली बोट दुमडत होते. लुधियानाच्या प्रशिक्षकाने वेळ मागून घेतला. राजलक्ष्मीचं पान काढलं. तिचा फोटो मला इथून दिसत होता. त्यांनी बोट खाली आणलं, वयापाशी थांबवलं असावं, आणि पान उलटलं.

"घेऊ नका," शेठ पुटपुटले. "कोनी घेऊ नका रे तिला."

पुढल्या टेबलावरच्या बाईने वळून पाहिलं.

पंधरावी पाळी आमची. या वेळी शेठनी मला काही सांगितलं नाही. माइक स्वतःच्या हाताने माझ्यापुढे सरकवला आणि दुसरीकडे बघत बसले. मी पुण्याच्या एका मुलीचं नाव घेतलं, पाच फूट आठ इंच, हात बरे आहेत.

चेन्नईच्या टेबलावर तिघे कुजबुजत होते. एक जण मान हलवत होता, नाही म्हणून. घड्याळ पडद्यावर उलटं चाललेलं. मग त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी माइक उचलला आणि राजलक्ष्मीचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

त्या सभागृहात निवडीला कोणी टाळ्या वाजवत नाही. शेठनी वाजवल्या. एकट्याने, जोरात. मग रुमाल काढून चष्मा पुसला, पुसतच राहिले.

पाळ्या पुन्हा उलटल्या, म्हणून सतरावं नावही चेन्नईचंच होतं. ते काय होतं, मी ऐकलं नाही.

"बरा झाला," शेठ म्हणाले. चष्मा लावला. समोरचा कागद ओढून घेतला आणि आमच्या आठ जणींच्या नावांवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर.

"आता यात उंच कोन?"

"कोणी नाही."

"कोनीच नाय?"

"नाही, शेठ."

माइकचा दिवा लागला होता. अठरावी पाळी आमची. सर माझ्याकडे बघत होते. अजून चार जागा भरायच्या होत्या.